सोमवारची टाकी

कारखान्याच्या दवाखान्याची गाडी लागोपाठ चार सोमवारी चिखलोलीच्या चढणीवर बंद पडली, आणि चौथ्या सोमवारी संध्याकाळी हरिचंद्र गायकर या ड्रायव्हरच्या हातात निलंबनाचा कागद ठेवण्यात आला. गाडी तो मुद्दाम बंद पाडतो, असा आरोप होता. हरिचंद्राचे घर चिखलोलीतच, चढणीपासून दोन शेतांच्या अंतरावर होते. रविवारी अर्धवट राहिलेले घरचे काम उरकायला हा माणूस सोमवारी कारखान्याच्या वेळेत घरी डोकावतो, असे व्यवस्थापक जयदेव धुरंधर यांचे मत झाले होते आणि एकदा झालेले मत ते सहसा उसवत नसत. तरीही बडतर्फीच्या हुकमावर सही करण्यापूर्वी त्यांना फायलीत एक तांत्रिक अहवाल हवा होता. तो शनिवारपर्यंत देण्याचे काम त्यांनी प्रयोगशाळेच्या श्रीपाद खांबेट्याकडे सोपवले.

श्रीपाद रसायनशास्त्राचा एम. एस्सी. होता. मोटारींचे त्याला विशेष ज्ञान नव्हते; पण अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात ज्या गोष्टीचे कारण कोणालाच सांगता येत नसे, ती अखेर प्रयोगशाळेच्या दारात येऊन पडे. त्याचा स्वभावही या कामाला सोयीचा होता. स्वतःच्या लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवायला बसलेल्या काकांना त्याने शांतपणे विचारले होते, की पत्रिका न जुळवता ज्यांचे संसार नीट झाले त्यांची यादी कोणी ठेवली आहे काय. काकांनी यादी दिली नाही आणि अक्षताही जरा लांबूनच टाकल्या.

मंगळवारी सकाळी त्याने एक कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर निर्विवाद गोष्टी लिहिल्या. उल्हासनगर ज्या लष्करी छावणीच्या जागेवर वसले, तिच्याच लिलावातून ही गाडी कारखान्याने घेतली होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, आठवड्यातून तीनदा ती दवाखान्यासाठी निघे; सोमवारी दुपारनंतर कारखान्याच्या मालासाठीही लांब जाऊन येई. आधी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बर्फ आणि औषधे घ्यायची, त्याच रस्त्याने अंबरनाथला परत यायचे आणि पुढे बदलापूरला जायचे. तिथे कामगारांच्या कुटुंबांसाठी, याच गाडीने येणाऱ्या डॉक्टर मालिनी सबनीस दुपारपर्यंत रोगी तपासत. चिखलोली या वाटेवर, बदलापूरच्या अलीकडे. चारही वेळा गाडी तिथेच थांबली. चारही वेळा इंजिन आधी ठसकले, मग गप्प झाले. हरिचंद्राने टाकीचे झाकण उघडून आत काठी बुडवली, पेट्रोल आहे असे दाखवले, हॅन्डल मारले आणि पाचदहा मिनिटांत गाडी चालू झाली. दुसऱ्या सोमवारी त्याने चढणीवरच्या म्हसोबाला नारळ फोडला. गाडी चालू झाली. तिसऱ्या सोमवारी नारळ नव्हता. गाडी तरीही चालू झाली. या शेवटच्या वाक्याखाली श्रीपादने रेघ ओढली.

साक्षी एवढ्याच, की पहिल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पाणी मागितले म्हणून हरिचंद्र घरून कळशी घेऊन आला, आणि चौथ्या सोमवारी तो घराकडे चालत जाताना कारखान्याच्या दोन कामगारांनी सायकलवरून पाहिला. बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की ड्रायव्हरचे हात त्यांनी पाहिले होते आणि त्यांत काही वावगे दिसले नाही. मात्र याहून अधिक सांगणे त्यांना शक्य नव्हते.

“मी नाडी बघते, खांबेटे. पेट्रोल नाही.”

भुताखेतांवर श्रीपादचा विश्वास नव्हता, हे वेगळे सांगायला नको. म्हसोबा बाद केल्यावर दोनच शक्यता उरत होत्या: यंत्र किंवा माणूस. कारखान्याच्या फिटरने पेट्रोलचा पंप उघडून पाहिला होता. आतला पडदा धड होता, झडपा स्वच्छ होत्या, नळीत कचरा नव्हता. फिटरच्या हाती गाडी दर वेळी निरोगी सापडली. आणि मुख्य मुद्दा वाराचा होता. यंत्राला वार कळत नाहीत. बुधवारी आणि शुक्रवारी तीच गाडी त्याच चढणीवरून तक्रार न करता जात होती. एखादी गोष्ट फक्त सोमवारीच घडत असेल, तर तिच्यामागे कॅलेंडर वाचता येणारे कोणीतरी असले पाहिजे. श्रीपादला हा युक्तिवाद निर्दोष वाटला आणि त्याने तो दुसऱ्या पानावर लिहिला.

आणखी एक गोष्ट त्या पानावर यायला हवी होती. पण ती त्याच्या स्वतःच्या हातची असल्यामुळे त्याला ती गोष्ट वाटलीच नाही. जानेवारीत टाकीतले पेट्रोल हिशेबापेक्षा कमी भरू लागले होते. उपाय श्रीपादने सुचवला. प्रयोगशाळेत मौल्यवान द्रवांच्या बाटल्यांना जसे सील करतात, तसेच टाकीला करावे. त्याप्रमाणे सोळा फेब्रुवारीपासून झाकणावर कापडाची पट्टी बांधून त्यावर वितळलेली लाख ओतण्यात येऊ लागली आणि लाखेवर प्रयोगशाळेचा शिक्का उमटू लागला. गाडी वाटेत बंद पडली तरच, आणि तेही बाईंच्या समक्ष, सील तोडायची मुभा होती. पहिल्या दिवशी सील करताना श्रीपादला झाकणाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसले होते. पेट्रोल हा अत्यंत उडून जाणारा द्रव. अशा द्रवाच्या झाकणाला भोक असणे हा जुन्या लष्करी मालातला निष्काळजीपणा आहे असे त्याने ठरवले, आणि भोकावर लाखेचा एक थेंब जास्त टाकण्याची लेखी सूचना दिली. पेट्रोलची तूट थांबली. सूचना फायलीत गेली.

गुरुवारी त्याने गाडी कॅम्प दोनमध्ये लीलाराम मिस्त्रीकडे नेली. लीलाराम मूळचा सिंधमधल्या सक्करचा. तिथे त्याच्या तीन लॉऱ्या होत्या, इथे अर्ध्या बराकीत एक वर्कशॉप आणि लष्करी भंगारातून निवडलेल्या भागांनी भरलेली चार पिंपे. निवडताना त्याची नजर सोनाराची असे. कारखान्याचा फिटर ज्या गाडीला निरोगी म्हणे, तिलाही तो आधी आजारी धरूनच हात लावी.

श्रीपादने त्याला सांगितले की इंजिनपर्यंत पेट्रोल पुरेशा दाबाने पोचते की नाही, एवढेच पाहायचे आहे. लीलारामने पंप आणि कार्बुरेटर यांच्यामधली नळी कापली, तिथे तीन तोंडांचा जोड बसवला आणि तिसऱ्या तोंडाला तांब्याची लांब नळी लावून दाबाचे गेज समोरच्या काचेबाहेर बांधले, म्हणजे चालत्या गाडीत काटा दिसत राहील.

“उभी गाडी कोणाचीही ठीक असते, साईं,” तो म्हणाला. “बायको घरात आणि गाडी गराजमध्ये, दोघींचं खरं कळत नाही. रस्त्यात मोजा.”

गाडी लीलारामनेच चालवली, कारण ज्याच्यावर आरोप आहे त्याचे हात प्रयोगात नकोत असे श्रीपादचे म्हणणे होते. कॅम्प दोनपासून अंबरनाथ, तिथून चिखलोलीची चढण, बदलापूर आणि परत. काटा चार पौंडांवर जो उभा राहिला, तो चढणीवरही हलला नाही. लीलारामने खांदे उडवले. श्रीपादने संध्याकाळी अहवालाचा मसुदा लिहिला. इंधनप्रणालीत कोणताही दोष आढळला नाही, हे त्यातले मधले वाक्य होते. त्यापुढचे वाक्य त्याला लिहायची गरज नव्हती. ते धुरंधर लिहिणार होते.

शुक्रवारी दुपारी हरिचंद्र प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. निलंबित माणसाला फाटकातून आत घेऊ नये असा नियम होता, पण फाटकावरचा पहारेकरी त्याच्याच आळीतला होता. हरिचंद्र पस्तिशीचा, काळासावळा, हात भल्या मोठ्या पंज्यांचे. तो आत आला नाही. उंबऱ्यापलीकडूनच त्याने विचारले, की गुरुवारी गाडी कुठे थांबली नाही असे म्हणतात ते खरे का. श्रीपादने खरे म्हणून सांगितले.

“टाकी केवरी भरली व्हती?”

श्रीपादने वही पाहिली. टाकी निम्मी होती. ते त्याने नोंदवले होते, कारण तो सगळेच नोंदवत असे.

“सोमवारी गल्यापर्यंत भरतात,” हरिचंद्र म्हणाला. “सोमवारची परीक्षा तुम्ही गुरवारी घेतली, साहेब. माझी नका घेऊ. गारीची तरी बरोबर घ्या.”

“भरलेल्या टाकीने गाडी जास्त चालायला हवी, हरिचंद्र. कमी नाही.”

“ते मला काय ठाव? मी चालवतंव. भरलेली असली का थांबते, येवराच ठाव हाय.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“कोनी इचारलाच नाय. इचारला ते येवराच, का घरी कनाला गेलास.”

एवढे बोलून तो गेला. सोमवारी सही झाली तर हातातले चाक जाणार, हे दोघांनाही माहीत होते. आणि गाडी चालवण्यावाचून हरिचंद्राला दुसरे काही येत नव्हते. वडिलोपार्जित मिठागरातला हिस्सा भावांकडे होता, तिथे त्याच्या वाट्याला फक्त पाय भाजणे आले असते.

श्रीपादने वहीतली गुरुवारची नोंद पुन्हा वाचली. हाताखालच्या मुलांना तो रोज बजावत असे, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे त्याने ड्रायव्हर बदलला होता, वार बदलला होता आणि टाकीतली पातळीही बदलली होती. आणि वर निष्कर्ष काढला होता. शिवाय सोमवार म्हणजे एक तर दैवी कोप किंवा मानवी लबाडी, असेच त्याने धरले होते. सोमवार हे टाकीतल्या पेट्रोलच्या एका पातळीचेही नाव असू शकते, हे त्याला एका ड्रायव्हरने उंबऱ्याबाहेरून सांगितले. ती गोष्ट त्याला आवडली नाही. पण आवडणे हा निकष नव्हता. त्याने मसुदा फाडला नाही. त्यावर ‘अपुरा’ असे लिहून तो बाजूला ठेवला.

शनिवारी सकाळी साडेसातला टाकी गळ्यापर्यंत भरली गेली. सोमवारी जे जे होई ते सर्व करायचे, असे ठरले होते. म्हणून श्रीपादने स्वतः पट्टी बांधली, लाख वितळवली, भोकावर नेहमीचा जास्तीचा थेंब टाकला आणि शिक्का मारला. चालवायला लीलाराम, शेजारी वही घेऊन श्रीपाद. हरिचंद्राला मागे रोग्यांच्या बाकावर बसवले. तो हातांची घडी घालून असा बसला, की जणू वाटेत उसना श्वासही घेतला तर तो पुराव्यात धरला जाईल.

कॅम्प दोनमध्ये काटा चारवर होता. परतताना अंबरनाथच्या अलीकडे तो साडेतीनवर आला. श्रीपादने काचेवर बोट आपटून पाहिले. काटा तिथेच राहिला. शिवमंदिराच्या फाट्याशी तीन. लीलारामने तोंडातली शीळ बंद केली. चढणीच्या पायथ्याशी दोन. पुढच्या दीडशे पावलांत काटा एकवर उतरला, इंजिन ठसकले, पुन्हा ठसकले, आणि म्हसोबाच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी राहिली. आठ वाजून चाळीस मिनिटे.

“मी हात लावला नाय हां,” मागून आवाज आला.

श्रीपादने तेही लिहिले. ड्रायव्हर निर्दोष होता हे त्या क्षणी सिद्ध झाले. पण का, हे सिद्ध झाले नव्हते, आणि कारण नसलेला अहवाल धुरंधर उलटा करून वाचतील हे त्याला माहीत होते. लीलाराम बॉनेट उघडून पंपाची हाताने हलवायची दांडी वरखाली करू लागला. सहासात वेळा केल्यावर त्याने मान हलवली.

“पंप खेचतो आहे, साईं. माल येत नाही.”

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला होता आणि पोहरा कोरडा येत होता. हरिचंद्र सवयीने काठी घेऊन टाकीच्या झाकणाकडे निघाला, तसे श्रीपादने त्याला थांबवले. इतके दिवस प्रत्येक वेळी पहिल्यांदा झाकणच उघडले गेले होते; आज ते सर्वांत शेवटी. आधी नळी पाहायची. लीलारामने पाना लावून पंपाच्या टाकीकडच्या बाजूचा नट सैल केला. खरे तर तिथून पेट्रोलचा एखादा थेंब बाहेर यायचा. बाहेर काहीच आले नाही. उलट सैल नटातून सुस्कारा यावा तसा आवाज झाला, आणि लीलारामने बोट लावून पाहिले तेव्हा ते आत ओढले गेले. नळी हवा पीत होती.

हरिचंद्र मागे झाकणापाशीच उभा होता. त्याने वाकून टाकीला कान लावला.

“साहेब, आत बुडबुडतंय. नदीवं कलशी बुडवली का बोलते ना, तशी.”

श्रीपाद मागे गेला आणि त्यानेही कान लावला. पत्र्याच्या आत बुडबुडे वर येत होते, सावकाश, एकामागून एक. हवा पंपाकडून उलटी, पेट्रोलच्या नळीतून टाकीत शिरत होती. याचा अर्थ टाकीत हवा कमी होती. आणि जी हवा इतक्या आडवाटेने येत होती, तिला सरळ वाट नव्हती. त्याने मान वर केली. नाकासमोर वीतभर अंतरावर लाल लाख होती आणि लाखेवर प्रयोगशाळेचा शिक्का होता, स्वच्छ, रेखीव, कुठेही न तुटलेला.

बाकीचे गणित त्याने उभ्या उभ्या केले. टाकी गळ्यापर्यंत भरली तर वर जेमतेम गॅलनभर हवा उरे. नऊ-दहा मैलांत गाडी अर्धा गॅलन पेट्रोल पिई. तीच गॅलनभर हवा मग दीड गॅलनच्या जागेत पसरे आणि तिचा दाब दोन तृतीयांशाकडे घसरे. पेट्रोलची वाफ त्यातले थोडेफार भरून काढी, सगळे नाही. जितकी हवा विरळ, तितके पंपाला ओढणे जड. चढणीवर इंजिनाची तहान वाढे आणि पंप हात टेकी. टाकी निम्मी असली की वर सहा गॅलन हवा असे. तिच्यातून अर्ध्या गॅलनचा फरक पंपाला जाणवतही नसे. सोमवारी दुपारच्या लांब फेरीत सील आधीच तुटलेले असे आणि बुधवारपर्यंत टाकी निम्मी होई; म्हणून बुधवार आणि शुक्रवार निर्वेध. म्हणून फिटरच्या हाती गाडी कायम निरोगी, कारण फिटर आधी झाकण उघडे. आणि म्हणून काठी बुडवताच गाडीला शुद्ध येई: काठीने नव्हे, नारळाने नव्हे, झाकण उघडल्याने.

दोन द्रव वेगळे करायचे काचेचे नरसाळे प्रयोगशाळेत होते. खालची तोटी सोडण्यापूर्वी वरचे बूच काढा, नाहीतर थेंब गळणार नाही, हे श्रीपाद नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवी. गेल्याच महिन्यात एकाला त्याने यावरून तासभर उभे केले होते.

बुडबुडे थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली. मग नट घट्ट करायला सांगितला. दांडी हलवली, हॅन्डल मारले. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झाले आणि काटा चारकडे चढला. झाकणाला कोणीही हात लावला नव्हता. लीलाराम हात पुसत मागे आला, लाखेकडे पाहून थबकला आणि नखाने तिचा टवका काढू लागला.

“अरे, हे नाक बंद कोणी केलं? टाकीला श्वास लागतो, साईं, गाडीचा दम घुटला ना. असा गधा कोण भेटला तुम्हाला?”

“मी,” श्रीपाद म्हणाला.

लीलारामने नख लाखेवरून काढले. “गधा मी दुसऱ्याला बोललो,” तो म्हणाला आणि पाना पेटीत ठेवायला गेला.

हरिचंद्र हसला नाही. त्याने फक्त विचारले की आता त्याचे काय. श्रीपादने सांगितले की अहवाल आज जाईल. हरिचंद्राला उत्तर पुरेसे वाटले नसावे, कारण तो पुन्हा बाकावर जाऊन तसाच घडी घालून बसला.

अहवाल दीड पानाचा झाला. दुपारी तीनला धुरंधरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. भोक बुजल्यामुळे गाडी थांबते हे त्यांना पटले. त्यांच्या काकांच्या मोटारीचे असेच काहीसे झाले होते. मात्र भोक कोणी बुजवले ते सांगणारा तिसरा परिच्छेद त्यांना अनावश्यक वाटला. दसऱ्याला हे लोक गाडी शेंदराने माखतात, तेलात कालवलेल्या शेंदराने भोक बुजणे अगदी संभवनीय आहे, असे त्यांनी सुचवले. तसे असेल तर प्रयोगशाळेचे नाव कशाला यायला हवे? हरिचंद्राला बडतर्फ करू नये. त्याच्याकडून गाडी काढून घ्यावी, यार्डात हमाली द्यावी आणि विषय मिटवावा. बोलताना त्यांचा स्वर सौम्य होता. श्रीपादची बढती त्यांच्याच शिफारशीवर अवलंबून आहे, हे त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजच नव्हती.

श्रीपादला तो प्रस्ताव एका अंगाने मोहक वाटला हे नाकारता येणार नाही. शेंदूर हे कारण त्याच्या सगळ्या पूर्वग्रहांना साजेसे होते: श्रद्धेने यंत्राचा श्वास कोंडला. कोणी दुसऱ्याने ते मांडले असते, तर त्याने कदाचित पुरावाही मागितला नसता.

“दसरा ऑक्टोबरात झाला,” तो म्हणाला. “गाडी थांबू लागली एकवीस फेब्रुवारीला. सील सोळा फेब्रुवारीपासून आहे. मधले चार महिने शेंदूर काय करत होता?”

“खांबेटे, तुम्ही स्वतःविरुद्ध वकिली करताय.”

“भोक मी बुजवलं. तशी माझी लेखी सूचना आपल्याच फायलीत आहे. त्याच्याकडून गाडी काढून घ्यायची तर कारण काय लिहिणार?”

धुरंधरांनी चष्मा पुन्हा काढला. अहवालाची दुसरी प्रत डॉक्टरीणबाईंकडे दवाखान्याच्या नोंदीसाठी गेली आहे, असे श्रीपादने सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेखनिकाला बोलावले. निलंबन मागे घेतल्याचा कागद चार ओळींचा होता; तो हरिचंद्राला सोमवारी सकाळी द्यायचा होता. श्रीपादला द्यायचा ठपक्याचा कागद अकरा ओळींचा झाला. त्यात तारीख एका दिवसाने चुकली होती. श्रीपादने ती दुरुस्त करून घेतली आणि मग पोच दिली.

सोमवारी टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली गेली. लाख नव्हती, पट्टी नव्हती. झाकणावरचे भोक श्रीपादने सुईने साफ करून दिले होते. सीलाऐवजी आता निघताना आणि परतल्यावर ड्रायव्हर आणि पहारेकरी दोघांनी मिळून काठीने पातळी पाहायची, असे ठरले. गेज अजून काचेबाहेरच होते. एका सोमवारने काही सिद्ध होत नाही, निदान तीन हवेत, म्हणून श्रीपाद वही घेऊन पुढे बसला. मागे औषधांच्या पेट्या आणि बर्फ यांच्यामध्ये डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. चाकावर हरिचंद्र होता. त्याने वाटेत एकदाही गेजकडे पाहिले नाही.

काटा कॅम्प दोनमध्ये चार, अंबरनाथला चार, फाट्याला चार. चढणीवर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत वर गेली. म्हसोबा मागे पडला, चढण संपली, रस्ता सपाट झाला. श्रीपादने पेन्सिल टेकवली. तेवढ्यात हरिचंद्राने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि इंजिन बंद केले.

श्रीपादने आधी काट्याकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.

“काय झालं?” मागून बाईंनी विचारले.

“काय नाय, बाई. मी थांबवली.” हरिचंद्र खाली उतरला. “पाच मिन्टं. आयला सांगून येतंव, गारी परत मिलाली म्हनून. चार दिस जेवली नाय ती.”

परवानगीची त्याने वाट पाहिली नाही. बांधावरून तो झपाझप घराकडे गेला. लांब कुडाच्या दारात एक म्हातारी उभी राहिलेली दिसली, मग दोघे आत गेले. बदलापूरला रोगी वाट पाहत असतील हे श्रीपाद बोलणार होता. पण घड्याळाकडे पाहावे तसे बाई त्याच्याकडे पाहत होत्या.

“लिहा की, खांबेटे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळं लिहिता ना?”

त्याने लिहिले. चिखलोली, चढणीच्या माथ्यावर. गाडी थांबली. दाब चार. कारण: ड्रायव्हर, स्वेच्छेने.

हरिचंद्र परत आला तेव्हा पाचाची सात मिनिटे झाली होती. त्याने हॅन्डल मारले आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. श्रीपादने सात लिहिले.